नकाशातला एक वळसा

चार्ल्स डार्विनच्या जगप्रवासाचा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी फळ्यावर काढला असेल. ‘बीगल’ जहाजाची रेघ इंग्लंडहून निघते, दक्षिण अमेरिकेचे टोक ओलांडून गॅलापॅगोस बेटांना लागते आणि पॅसिफिक महासागर, ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागर, आफ्रिकेचे दक्षिण टोक असे करीत परत घरी येते. वर्गात आपण ही रेघ भराभर ओढतो, कारण आपल्याला गॅलापॅगोसला पोहोचायची घाई असते. पण एकदा ती सावकाश, बोट ठेवून पाहावी. शेवटी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. परतीच्या वाटेवर जहाज अटलांटिकमधल्या असेन्शन बेटापर्यंत आले आहे. आता उत्तरेकडे गेले की घर. शिडाच्या जहाजांना वाऱ्यामुळे थोडे पश्चिमेला सरकावे लागे हे खरे; पण ही रेघ थोडी सरकत नाही, ती थेट ब्राझीलच्या किनाऱ्याला जाऊन भिडते. सव्वाचार वर्षांपूर्वी जहाज जेथे थांबले होते, त्याच बाहिया बंदरात, म्हणजे आजच्या साल्वादोर शहरात. एखाद्या चौकस मुलाने “हे कशाला?” असे विचारले तर काय सांगायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागलो तेव्हा आमच्या लक्षात आले, की नकाशातली जवळजवळ सगळीच रेघ अशी आहे. ती कोणी आधी आखून ठेवलेली नव्हती. हेन्स्लो या प्राध्यापकांनी १८३१ च्या ऑगस्टमध्ये डार्विनला या प्रवासाविषयी पत्र लिहिले, तेव्हा प्रवास दोन वर्षांचा सांगितला होता. तो झाला चार वर्षे नऊ महिन्यांचा. ठरलेली वाट मोडण्याची कारणे दर वेळी वेगळी होती आणि त्यांतले प्रत्येक कारण समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बीगल डार्विनसाठी निघाले नव्हते. ते ब्रिटिश नौदलाचे सर्वेक्षणाचे जहाज होते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे करणे आणि पृथ्वीभोवतीच्या ठिकठिकाणच्या रेखांशांची साखळी मोजणे ही त्याची कामे होती. लांबी नव्वद फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर, आणि तेवढ्यात सत्तरहून अधिक माणसे. कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय सव्वीस वर्षांचा आणि डार्विन बावीस वर्षांचा. डार्विन कप्तानाचा सोबती म्हणून, स्वतःच्या जेवणाचा खर्च देऊन गेला होता. जहाज कोठे जाणार, कोठे किती दिवस थांबणार, यात त्याला मत नव्हते. आजच्या पर्यटन जहाजांच्या तिकिटावरही बारीक अक्षरांत हेच छापलेले असते: गरज पडल्यास मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.

पहिला बदल तर निघण्याआधीच झाला. १८३१ च्या १० डिसेंबरला आणि पुन्हा २१ डिसेंबरला जहाज प्लिमथहून निघाले आणि दोन्ही वेळा नैर्ऋत्येच्या वाऱ्याने त्याला परत आणून सोडले. २६ तारखेला हवा उत्तम होती, पण नाताळच्या मद्यपानातून खलाशी शुद्धीवर आलेले नव्हते. शेवटी २७ ला शिडे उभारली. डार्विनला बोट लागली ती अशी, की मनुका आणि बिस्किटे यांखेरीज पोटात काही ठरेना. हा त्रास त्याला पूर्ण प्रवासात झाला.

या सर्व त्रासात त्याची एक आशा होती, टेनेरीफ बेट. अफ्रिकेच्या वायव्येला असलेल्या या बेटाचे आणि त्यावरच्या उंच ज्वालामुखीचे हम्बोल्टने केलेले वर्णन डार्विनने विद्यार्थिदशेत वाचले होते. तेथे जायचे म्हणून बीगलचे नावही ऐकलेले नसताना तो स्पॅनिश शिकायला लागला होता. ६ जानेवारी १८३२ रोजी जहाज सांता क्रूझ बंदरासमोर आले. किनाऱ्यावरून एक होडी आली आणि निरोप मिळाला: इंग्लंडमध्ये पटकी आहे, तेव्हा बारा दिवस कोणीही जमिनीवर पाऊल ठेवायचे नाही. फिट्झरॉयने बारा दिवस वाट पाहायचे नाकारले आणि जहाज पुढे हाकारले.

ही पटकीची साथ मूळ बंगालकडून निघून रशिया, जर्मनी असा प्रवास करीत १८३१ च्या शरद ऋतूत इंग्लंडला पोहोचली होती. रोगजंतूंची कल्पना तेव्हा नव्हती, पण जहाजांबरोबर रोग येतो हे बंदरांना अनुभवाने ठाऊक होते. २०२० साली आपण पुन्हा तेच पाहिले. ‘वेस्टरडॅम’ हे पर्यटन जहाज १ फेब्रुवारीला हाँगकाँगहून निघाले आणि जपान, तैवान, फिलिपीन्स, ग्वाम व थायलंड या सर्वांनी त्याला नकार दिला. १३ फेब्रुवारीला कंबोडियाने त्याला आसरा दिला.

टेनेरीफ हुकले ते कायमचेच. डार्विन पुढे कधीही तेथे गेला नाही. ‘होते ते बऱ्यासाठीच’ असे म्हणून हा प्रसंग गोड करून सांगण्याचा मोह आपल्याला होतो, तो टाळावा. नुकसान हे नुकसानच होते. मात्र त्यानंतर काय घडले तेही पाहू. दहा दिवसांनी जहाज केप व्हर्द द्वीपसमूहातल्या सांतियागो या उजाड बेटाला लागले आणि तेथे तीन आठवड्यांहून अधिक काळ थांबले. तेथे समुद्राकाठच्या कड्यात, पाण्यापासून सुमारे पंचेचाळीस फूट उंचीवर, एक पांढरा आडवा पट्टा मैलोगणती गेलेला डार्विनला दिसला. तो चुनखडीचा होता आणि त्यात समुद्री शंखशिंपले होते. त्यावर काळ्या लाव्ह्याचा थर होता. सह्याद्रीत राहणाऱ्यांना काळ्या बेसॉल्टचे थर नवे नाहीत, पण त्याखाली शिंपल्यांचा पट्टा दिसला तर आपणही थबकू. म्हणजे एके काळी समुद्रतळावर असलेला हा पट्टा लाव्ह्याखाली दबला आणि मग फारशी मोडतोड न होता सावकाश वर उचलला गेला. फिट्झरॉयने भेट दिलेला लायलच्या भूशास्त्राचा पहिला खंड डार्विनजवळ होता. जमीन हळूहळू वर-खाली होते असे त्यात म्हटले होते. पुस्तकातला विचार आणि समोरचा कडा एकमेकांशी जुळले. आपणही भूशास्त्रावर काही लिहू शकू असे डार्विनला प्रथम वाटले ते या बेटावर.

आता घड्याळांकडे वळू, कारण शेवटच्या वळशाचे मूळ तेथे आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्व आणि नागपूरचे सुमारे ७९ अंश ५ मिनिटे पूर्व. फरक सव्वासहा अंशांचा. त्यामुळे नागपुरात मध्यान्ह झाल्यावर २५ मिनिटांनी मुंबईत मध्यान्ह होते. आता उलट विचार करा. नागपूरच्या स्थानिक वेळेला लावलेले घड्याळ न बिघडता मुंबईला आणले आणि मुंबईच्या मध्यान्हीला त्यात बारा वाजून पंचवीस मिनिटे दिसली, तर दोन शहरांतला रेखांशांचा फरक मोजपट्टी न वापरता कळला. बीगलचे काम हेच होते.

सगळी अडचण ‘न बिघडता’ या शब्दांत आहे. घड्याळ ४ सेकंद चुकले की रेखांशात एका कला-मिनिटाची चूक होते आणि विषुववृत्तावर ती सुमारे १.८५ किलोमीटर भरते. उष्ण-थंड हवेने आणि जहाजाच्या हेलकाव्यांनी घड्याळाची गती बदलते. म्हणून फिट्झरॉयने एक नव्हे, बावीस क्रोनोमीटर बरोबर घेतले. त्यांतले अकरा सरकारी आणि सहा त्याचे स्वतःचे होते. ते एका खोलीत लाकडाच्या भुश्शात बसवून ठेवले होते आणि त्यांची देखभाल करायला स्टेबिंग नावाचा उपकरणांचा कारागीर कप्तानाने स्वतःच्या खर्चाने नेला होता. प्रत्येक बंदरात उतरून सूर्याचे वेध घ्यायचे, घड्याळ रोज किती पुढे किंवा मागे पडते ते काढायचे आणि मगच पुढे निघायचे. आकाश ढगाळ झाले की हे काम अडे. मुक्काम किती दिवसांचा हे आधी नक्की सांगणे अवघड होते, याचे हे एक साधे कारण.

एप्रिल १८३२ मध्ये बीगल रिओ दे जानेरोला आले, तेव्हा बाहिया ते रिओ हा रेखांशातला फरक फ्रेंच सर्वेक्षक रूसँ याच्या आकड्यापेक्षा चार मैलांहून अधिक वेगळा निघाला. चार सागरी मैल म्हणजे चार कला-मिनिटे, म्हणजे घड्याळातले सोळा सेकंद! फिट्झरॉयने काय केले? जहाज परत फिरवले, बाहियाला जाऊन पुन्हा मोजले आणि आपला आकडा बरोबर असल्याची खात्री करून महिन्याभराने तो रिओला परतला. डार्विन तेवढे दिवस रिओजवळच्या बोटाफोगो येथे घर घेऊन राहिला आणि किडे, कोळी, चपटे कृमी गोळा करीत बसला. जहाजावर मात्र त्याच दिवसांत तिघे तापाने मेले. रिओजवळच्या एका नदीवर शिकारीला गेलेल्यांपैकी ते होते. त्यांतला एक तर अजून पोरसवदा होता.

त्यानंतर डार्विनने एक पद्धतच पाडलेली दिसते. जहाज किनारा मोजत बसले की आपण जमिनीवरून निघायचे आणि ठरलेल्या बंदरात जहाजाला गाठायचे. पावणेपाच वर्षांपैकी तो समुद्रावर सुमारे दीड वर्षच होता. उरलेली सव्वातीन वर्षे जमिनीवर गेली. यात जोखीम होती. १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये तो ब्यूनोस आयर्सला पोहोचला तेव्हा शहराला बंडखोरांचा वेढा पडलेला होता. गोळा केलेले सामान आणि नोकर एकीकडे, तो दुसरीकडे, आणि जहाज निघून जाईल ही धास्ती. खटपट करून तो माँटेव्हिडिओला धावतपळत पोहोचला, तो काय? नकाशांचे काम संपलेले नव्हते आणि जहाज आणखी महिनाभर निघणार नव्हते.

अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकजण चिडचिड करतील. डार्विनने घोडे घेतले आणि दोन आठवड्यांची फेरी काढली. तिच्या शेवटी, २६ नोव्हेंबरला, एका शेतघराजवळ त्याला एक अवाढव्य कवटी मिळाली. पोरांनी ती दगड मारायचे लक्ष्य म्हणून उभी केली होती आणि तिचे दातही पाडले होते. अठरा पेन्स देऊन त्याने ती विकत घेतली. पुढे इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेनने त्या प्राण्याचे नाव टॉक्सोडॉन ठेवले. दक्षिण अमेरिकेतल्या या नामशेष सस्तन प्राण्याचा आकार गेंड्याएवढा, पण दातांची ठेवण काहीशी कुरतडणाऱ्या प्राण्यांसारखी. वेगवेगळ्या गटांची लक्षणे एकाच प्राण्यात कशी, हा प्रश्न त्या कवटीने डार्विनच्या डोक्यात घातला. जहाज ठरल्याप्रमाणे निघाले असते तर पोरांनी उरलेली कवटीही फोडली असती.

केप हॉर्नच्या वादळाची हकिकत थोडक्यात सांगतो. जानेवारी १८३३ मध्ये पश्चिमेकडे जायला जहाज तीन आठवड्यांहून अधिक काळ झगडले. १३ तारखेला एका लाटेने ते जवळजवळ उलटवले, एक होडी गेली, आणि पश्चिमेकडून जायचा बेत सोडून द्यावा लागला. आज कप्तान उपग्रहांची चित्रे आणि हवामानाचे अंदाज पाहून वादळ येण्याआधीच वाट बदलतो. वर्तमानपत्रातून लोकांसाठी रोजचा हवामान-अंदाज देण्याची प्रथा लंडनमध्ये १८६१ साली सुरू झाली. ती सुरू करणारा अधिकारी हाच फिट्झरॉय.

पण साऱ्या प्रवासातला सर्वांत मोठा बदल हा न झालेला बदल आहे आणि तो नकाशात दिसत नाही. किनारा मोजायला एक जहाज पुरेना म्हणून फिट्झरॉयने १८३३ मध्ये फॉकलंड बेटांवर स्वतःच्या १३०० पौंडांत एक दुसरे जहाज घेतले होते. नौदल खर्च मान्य करील अशी त्याची अपेक्षा होती. ती फोल ठरली. १८३४ च्या अखेरीस चिलीतल्या वालपराइसो बंदरात ते जहाज विकावे लागले. कामाचा ताण, पैशाचे नुकसान आणि वरिष्ठांची नापसंती यांनी तो खचला. आपल्याला वेड लागणार अशी भीती त्याला वाटू लागली आणि त्याने कप्तानपद सोडले. डार्विन तेव्हा त्याच शहरात एका शाळूसोबत्याच्या घरी आजारी पडला होता.

नौदलाच्या सूचना अशा होत्या, की कप्तान बदलला तर नव्या कप्तानाने दक्षिणेकडचे सर्वेक्षण पुरे करून थेट इंग्लंडला परतायचे. म्हणजे पॅसिफिक नाही, गॅलापॅगोस नाही, ताहिती नाही, प्रवाळांची कीलिंग बेटेही नाहीत. दुसरा अधिकारी विकहॅम याला बढती आयती चालून आली होती. त्याने ती घेतली नाही. तिएरा देल फुएगोचा किनारा पुन्हा मोजत बसावे असे हुकमात कोठेही म्हटलेले नाही, वेळ असेल तेवढेच काम करून पॅसिफिकमध्ये जायला तुम्ही मोकळे आहात, असे त्याने फिट्झरॉयला पटवले. फिट्झरॉयने राजीनामा मागे घेतला. जीवशास्त्राच्या पुस्तकात विकहॅमचे नाव येत नाही. ते यायला हवे असे आम्हांला वाटते.

या लांबलेल्या कामामुळेच २० फेब्रुवारी १८३५ रोजी डार्विन चिलीतल्या वाल्दिव्हियाजवळच्या रानात जमिनीवर पडून विश्रांती घेत होता. भूकंप झाला तो सुमारे दोन मिनिटे टिकला. पुढच्या महिन्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉन्सेप्सियोन शहराजवळ फिट्झरॉयने मोजमापे घेतली, तेव्हा सांता मारिया बेट आठ ते दहा फूट वर उचलले गेल्याचे दिसले. खडकांना चिकटलेले कालवे पाण्याबाहेर येऊन सडत होते. तीन वर्षांपूर्वी सांतियागोच्या कड्यात पाहिलेली, फार पूर्वी घडलेली गोष्ट येथे डोळ्यांदेखत घडली होती. दोन वर्षांचा प्रवास दोन वर्षांत संपला असता तर डार्विन त्या दिवशी घरी असता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जहाज गॅलापॅगोसला होते. ती कथा आपण सर्वजण शिकवतो.

डार्विन सगळे हसतमुखाने सोसत होता असे मात्र नाही. जानेवारी १८३६ मध्ये सिडनीला पोहोचल्यावर घरचे एकही पत्र वाट पाहत नव्हते. बंदरांच्या तारखा सतत बदलत असताना पत्रे कोठे पाठवायची हे घरच्यांना कळणार कसे? परतीच्या वाटेवरची त्याची पत्रे समुद्रावरच्या आणि जहाजांवरच्या रागाने भरलेली आहेत. आणि अशा मनःस्थितीत असेन्शनवर कळले की जहाज घरी न जाता ब्राझीलला जाणार आहे.

कारण आता स्पष्ट झाले असेल. दक्षिण अमेरिकेतल्या रेखांशांची साखळी बाहियापासून सुरू झाली होती. पश्चिमेकडे जात जात पृथ्वीभोवती फिरून साखळीचे शेवटचे टोक पुन्हा बाहियालाच जोडले, की सगळ्या कड्यांची बेरीज बरोबर चोवीस तास यायला हवी. ती किती येते यावरून साखळी कितपत खरी आहे ते कळते. सोळा सेकंदांसाठी जहाज मागे फिरवणारा माणूस ही पडताळणी सोडून घरी जाणे शक्यच नव्हते.

१ ऑगस्ट १८३६ रोजी जहाज बाहियाला पोहोचले. कप्तान घड्याळे तपासत होता तेव्हा डार्विन रानात लांब लांब फिरत होता. संत्रे, नारळ, आंबा, केळ या झाडांची रूपे एकेक करून तो मनात साठवत होता. (आंबा तेथे पोर्तुगीजांबरोबर गेलेला.) ६ तारखेला जहाज निघाले, पण प्रतिकूल वाऱ्यामुळे पुन्हा पर्नांबुको, म्हणजे आजचे रेसिफे, येथे शिरावे लागले. हा आणखी एक बेताबाहेरचा मुक्काम. तेथे बंदराला आडवी पसरलेली वालुकाश्माची सरळ भिंत डार्विनने पाहिली आणि १८४१ मध्ये तिच्यावर एक निबंध लिहिला.

२ ऑक्टोबरच्या रात्री बीगल इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात आले. डार्विन त्याच रात्री टपालाच्या घोडागाडीत बसून घरी निघाला. आपल्या नकाशातली रेघ येथे संपते. फिट्झरॉयची संपली नाही. घड्याळे ग्रिनिच वेधशाळेच्या वेळेशी ताडून पाहायची राहिली होती, म्हणून जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे टेम्स नदीत गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ग्रिनिचला लागले. साखळीची बेरीज चोवीस तासांपेक्षा सुमारे ३३ सेकंदांनी जास्त आली. चाळीस हजार किलोमीटरच्या विषुववृत्तावर ही चूक सुमारे पंधरा किलोमीटर भरते. ती कोठून आली हे फिट्झरॉयला सांगता आले नाही. १८३९ मध्ये प्रवासवृत्तान्ताच्या परिशिष्टात त्याने ती जशीच्या तशी छापली.